दोन पाण्यांमधली सुट्टी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सुट्टी कोठे घालवावी हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी उपस्थित होतो. दिल्लीच्या शाळांना जानेवारीच्या आरंभी थंडीची सुट्टी असते. बाहेर धुके आणि घरात रजया, अशा दिवसांत मुलांना दोनच गोष्टी हव्या असतात, ऊन आणि मोकळी जागा. गेल्या वर्षी दोघांनीही एकमताने ‘समुद्र’ असा कौल दिला. पत्नीची अट एवढीच होती की, मुक्काम एकाच ठिकाणी असावा. रोज सामान बांधण्याचे आणि सोडण्याचे काम असेल तर ती सुट्टी नव्हे, बदली होय.

या दोन्ही गोष्टी जुळतील असे एक ठिकाण माझ्या मनात बरेच दिवस घोळत होते. आमचे मासिक अनेक भाषांतून निघते आणि मल्याळम आवृत्तीचे टेबल माझ्या टेबलाला लागूनच आहे. अनुवाद करताना एखादा शब्द अडला की आम्ही एकमेकांना विचारतो, “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” तेथील माझे सहकारी मूळचे कोचीजवळच्या वैपीन बेटावरचे. या बेटाविषयी बोलताना ते कधी अभिमानाने बोलत, कधी काळजीने. माणूस आपल्या वृद्ध वडिलांविषयी बोलतो, तसे.

रात्री जेवणानंतर मी नकाशा पसरला. उत्तर-दक्षिण पडलेली एखादी पट्टी दिसावी तसे हे बेट आहे. लांबी सुमारे पंचवीस किलोमीटर. रुंदी मात्र इतकी थोडी की, कित्येक ठिकाणी सकाळच्या फेरफटक्यात एका पाण्यावरून निघून दुसऱ्या पाण्यावर पोहोचावे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला ‘कायल’, म्हणजे नदी आणि समुद्र यांचे पाणी जेथे मिसळते ते शांत, विस्तीर्ण जलाशय. समुद्राच्या लाटा आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये आडव्या पडलेल्या अशा वाळूच्या बेटाला भूगोलात रोधक बेट म्हणतात. लाटांचा पहिला मार ते आपल्या अंगावर घेते, म्हणून त्याच्या मागचे पाणी शांत राहते.

मुलांचे डोळे चमकले. आई कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. तिने मान वर न करताच म्हटले, “चहूकडून पाणी असेल तेथे मी येणार नाही. तुम्ही जाऊन या.”

कोणी काही बोलले नाही. आमची आई सांगलीची. कृष्णेच्या काठी तिचे बालपण गेले आणि पाठीला वाळका भोपळा बांधून ती तेथेच पोहायला शिकली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा ती घरात एकटीच होती. शेजाऱ्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेले. दोन दिवसांनी नाव आली. पाणी ओसरल्यावर आम्ही तिला दिल्लीला आणले. तेव्हापासून तिने नदीचे नाव काढले नाही आणि नातवंडांना पोहायला पाठवण्याचा विषय निघाला की ती उठून आत जाई. तिला मागे ठेवून जाणे आम्हांला जमण्यासारखे नव्हते. जबरदस्तीने नेणे हे त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी ही अडचण मी सहकाऱ्यांना सांगितली. बेटावर भीती बाळगण्यासारखे काही नाही, असे ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “तुमच्या आई बरोबर बोलतात. त्यांना त्यांचे प्रश्न विचारू द्या. मी उत्तरे देतो. उत्तरे पटली नाहीत तर जाऊ नका.”

मग आठवडाभर आमच्या घरी एक निराळीच मसलत चालली. आई प्रश्न विचारी, मी ते कचेरीत नेई आणि संध्याकाळी उत्तरे घेऊन येई. आज मागे वळून पाहता वाटते की, प्रवासाची इतकी काटेकोर आखणी आम्ही पूर्वी कधीच केली नव्हती. समुद्रकाठच्या बेटावर कुटुंबासह जाणाऱ्या कोणालाही हेच प्रश्न उपयोगी पडतील, म्हणून ते येथे क्रमाने देतो.

पहिला प्रश्न होता, “तेथे पाणी केव्हा चढते?” उत्तर दोन भागांत आले. वर्षाचा हिशेब असा की, जून ते सप्टेंबर हा नैऋत्य मोसमी पावसाचा काळ. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्याची वाळू ओढून नेतो. त्या काळात तेथे पोहण्याचा विचारही करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. दिवसाचा हिशेब भरती-ओहोटीचा. कोचीच्या किनाऱ्याला भरतीचे पाणी साधारणपणे एखाद्या मीटरच्या आतबाहेरच चढते. मुंबईच्या भरतीपुढे ते काहीच नाही. परंतु बेटच सखल असल्यामुळे तेवढेही तेथे जाणवते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक चढते. म्हणून आम्ही पंचांग पाहून, या दोन्ही तिथी टाळून पाच दिवस निवडले.

दुसरा प्रश्न होता, “रात्री निघावे लागले तर कोणत्या बाजूने?” हा प्रश्न ऐकून सहकारी क्षणभर गप्प झाले. मग ते म्हणाले की, हा प्रश्न बेटाने शंभर वर्षे विचारला होता. एर्नाकुलम समोर दिसत असे. पण आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला तेथे न्यायचे तर बोटीची वाट पाहावी लागे, आणि शेवटची बोट गेली की सकाळपर्यंत काही इलाज नसे. २००४ साली गोश्री पूल खुले झाले. एर्नाकुलमपासून बोळगाट्टी आणि वल्लारपाडम या बेटांवरून जाणाऱ्या तीन पुलांनी वैपीनचे दक्षिण टोक शहराला जोडले. उत्तरेकडे चेराईहून परवूरला जाणारा रस्ता आहे. म्हणजे निघायला दोन वाटा. आईने दोन्ही रस्ते मला नकाशावर बोटाने दाखवायला लावले.

तिसरा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता. चारी बाजूंनी पाणी असलेल्या या बेटाला गोड्या पाण्याची मात्र नेहमीच चणचण भासत आली आहे. नळाच्या पाण्यासाठी येथील बायकांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. तेव्हा पाहुण्याने पाणी जपून वापरावे, बादलीने अंघोळ करावी आणि मुलांना नळ बंद करण्याची सवय घरूनच लावून न्यावी, असे ठरले. चौथा प्रश्न शाकाहारी जेवणाचा होता. पुट्टू, अप्पम, कडला, म्हणजे काळ्या हरभऱ्याची उसळ, आणि केळी हे सारे तेथे सहज मिळते, हे कळल्यावर तो प्रश्न आपोआप सुटला.

पाचवा प्रश्न आईने सर्वांत शेवटी विचारला. “इतके पाणी आहे, तर ती माणसे तेथे राहतात कशाला?”

याचे उत्तर सहकाऱ्यांनी कागदावर लिहून दिले. ते मी मराठीत उतरवून आईला वाचून दाखवले. त्याचा सारांश असा. परंपरा सांगते की, १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला. नदीने वाहून आणलेल्या गाळाने कोडुंगल्लूरजवळचे प्राचीन बंदर, ज्याला रोमन व्यापारी मुझिरिस म्हणत, ते निकामी झाले. दक्षिणेला कोचीजवळ समुद्राला नवे मुख फुटले आणि कोचीचे बंदर उदयाला आले. त्याच पुराच्या गाळावाळूने वैपीनची भूमी घडली, असे मानतात. ‘वैप्पु’ म्हणजे ठेवलेले, साचलेले. नव्याने साचलेली भूमी म्हणून ‘पुतुवैप्पु’. आणि तेव्हापासून त्या नावाची एक कालगणनाही येथे रूढ झाली. पुराच्या वर्षापासून ज्यांनी आपले साल मोजले, अशी ही माणसे!

आईने कागद माझ्या हातून घेतला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “पुराने दिलेली जमीन. बरे, पाहू तरी.”

निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आम्ही पकडली. ही गाडी महाराष्ट्रातून कोकण रेल्वेने जाते, त्यामुळे वाटेत मराठी कानावर पडते. ज्यांना नागपूरहून जायचे असेल त्यांना केरळ एक्सप्रेस सोयीची. तिसऱ्या दिवशी आम्ही एर्नाकुलमला उतरलो. उच्च न्यायालयाजवळच्या धक्क्यावरून वैपीनला जाणारी जलमेट्रो २०२३ साली सुरू झाली आहे. तिच्या विजेवर चालणाऱ्या स्वच्छ बोटी पाहून मुले हट्ट धरून बसली. परंतु आईने ‘पुलावरून’ एवढेच म्हटले आणि आम्ही पुलावरून गेलो.

आमचा मुक्काम बेटाच्या उत्तर भागात, चेराईला होता. सहकाऱ्यांच्या सल्ल्याने खोल्या समुद्रावर न घेता कायलच्या बाजूला घेतल्या होत्या. ज्या घरात लहान मुले आणि वृद्ध माणसे आहेत, त्यांनी असेच करावे. लाटांचा आवाज रात्रभर कानाशी नसतो आणि मुले नजरेआड होऊन थेट समुद्रावर जाऊ शकत नाहीत. चेराईचा रस्ता मोठा मौजेचा आहे. काही ठिकाणी त्याच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कायल असते. एकीकडे गर्जना तर दुसरीकडे माडांचे स्थिर प्रतिबिंब. मुले सकाळी समुद्रावर जात. जीवरक्षक उभे असतील तेवढ्याच भागात आणि गुडघाभर पाण्यातच, हा नियम आम्ही घरूनच करून आणला होता. समुद्र शांत दिसला तरी त्याचा प्रवाह आतून ओढतो, हे लहानांना एकदा सांगून भागत नाही.

आई समुद्रावर आली नाही. ती कायलच्या बाजूच्या दगडी पायऱ्यांवर, पाण्यापासून चार पायऱ्या सोडून बसे. पहिल्या दिवशी तिने एका पायरीवर खडा ठेवला. पाणी खड्यापर्यंत चढले, मग उतरले. दुसऱ्या दिवशी तिने खडा पुन्हा ठेवला आणि मुलीला वेळ लिहून घ्यायला सांगितले. तिसऱ्या दिवशी आजी आणि नात पाणी केव्हा येणार ते आधी सांगू लागल्या. त्यांचे गणित रोज जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरके आणि बहुतेक खरे ठरे.

त्या पाच दिवसांत आम्ही जे पाहिले त्यातील थोडेच सांगतो. बेटाच्या उत्तर टोकाजवळ पळ्ळिप्पुरमचा षट्कोनी किल्ला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला, भारतात शिल्लक असलेल्या युरोपीय वास्तूंपैकी अगदी जुन्यांमधला. पुढे तो डचांकडे गेला आणि १७८९ साली त्यांनी तो त्रावणकोरला विकला. चेराईतच अळीक्कल येथे वराहाचे मंदिर आहे. ते गौड सारस्वतांचे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून दक्षिणेला आलेली कोकणी कुटुंबे या किनाऱ्यावर स्थिरावली आणि आपली भाषा त्यांनी घरात जपली. तेथील एका आजीबाईंची कोकणी ऐकून आमच्या आईला इतका आनंद झाला की, अर्धे कळले आणि अर्धे कळल्यासारखे वाटले, तरी दोघी तासभर बोलत बसल्या.

याच चेराईत २९ मे १९१७ रोजी सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवून आणले. तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींतील माणसे एका पंक्तीला बसवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. स्वतःच्याच समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. लोकांनी त्यांना हिणवण्यासाठी ‘पुलयन अय्यप्पन’ म्हटले, तेव्हा ते नाव त्यांनी मानाचे मानले. ही गोष्ट मी मुलाला सांगितली. त्याने विचारले, “बाबा, ते नुसते एकत्र जेवले, एवढेच?” मी म्हटले, “एवढेच. पण तेवढेच कोणी करत नव्हते.”

आईला सर्वांत आवडली ती पोक्काळीची शेती. कायलच्या काठच्या खाऱ्या जमिनीत पिकणारा हा भात आहे. पावसाने मीठ धुऊन निघाले की जूनमध्ये पेरणी होते. पीक पुरुषभर वाढते आणि कापणीला फक्त लोंब्या कापतात. उरलेले ताट पाण्यातच कुजू देतात. मग नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याच शेतात भरतीबरोबर कोळंबी येते आणि त्या कुजलेल्या ताटांवर पोसते. कोळंबीची विष्ठा पुढच्या भाताला खत होते. वेगळे खत नाही, औषध नाही. या तांदळाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यातील खाजण शेतीशी याचे जवळचे नाते आहे. सारी मदार बांधावर आणि बांधातील लाकडी फळ्यांच्या दारावर असते. भरतीला दार उघडावे, ओहोटीला जाळे लावून पाणी सोडावे. आई शेतकऱ्याच्या घरची. त्या दारापाशी ती बराच वेळ उभी राहिली. फळी वर-खाली करणाऱ्या माणसाचे हात ती पाहत होती.

चौथ्या दिवशी आम्ही सहकाऱ्यांच्या थोरल्या बहिणीकडे एडवनक्काडला गेलो. हे गाव चेराईच्या दक्षिणेला, समुद्राच्या अगदी तोंडावर आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा येथे घरांत शिरल्या आणि माणसे दगावली. त्याशिवाय अलीकडे मोठ्या भरतीचे खारे पाणी अंगणांत आणि घरांत शिरू लागले आहे. बाईंनी चहा आणि केळ्याचे वेफर्स पुढे ठेवले. त्यांना मराठी येत नव्हते आणि आईला मल्याळम. पत्नी आणि मी मोडक्या इंग्रजी-हिंदीचा पूल बांधत होतो. तेवढ्यात आईचे लक्ष भिंतीकडे गेले. कमरेच्या खाली चुन्याचे पोपडे निघाले होते आणि त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. आई उठली, जवळ गेली आणि तिने त्या रेघेवर हात ठेवला. मग तोच हात आपल्या डोक्याच्याही वर नेऊन ती म्हणाली, “आमच्याकडे येथपर्यंत.”

बाईंना शब्द कळले नाहीत, हात कळला. “वेळ्ळम,” त्या म्हणाल्या. पाणी. आईने मान हलवली आणि तो शब्द म्हटला, “वेळ्ळम.” बाईंनी तिला हाताला धरून मागच्या दारी नेले, चुलीचा ओटा आता किती उंच बांधला आहे ते दाखवले, आणि कागदपत्रांची पेटी माळ्यावर कोठे ठेवली आहे तेही दाखवले. आम्ही बाहेरच थांबलो. आत दोन स्त्रिया दोन भाषांत बोलत होत्या आणि कोणालाही अनुवादकाची गरज भासत नव्हती. सगळा जन्म अनुवाद करण्यात घालवणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटली.

निघताना बाईंचा मुलगा म्हणाला की, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा या किनाऱ्यावरचे कोळी आपल्या होड्या ट्रकांवर घालून आतल्या गावांत गेले आणि पुरात अडकलेल्या माणसांना त्यांनी बाहेर काढले. ज्यांच्या घरांत समुद्र शिरतो, तेच नदीच्या पुरातून इतरांना सोडवायला धावले. आईने हे माझ्याकडून दोनदा समजावून घेतले. सांगलीत तिच्यासाठी आलेली नाव कोणाची होती, हे तिला शेवटपर्यंत कळले नव्हते.

त्या रात्री पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, “येथले पाणी रोज सांगून येते आणि सांगून जाते. म्हणून माणसे त्याच्याशी जमवून घेतात. आता ते न सांगता यायला लागले आहे, ते वाईट.” मी काही बोललो नाही. बेटावरच्या अभ्यासकांनी आणि रहिवाशांनी जे मला सांगितले होते, त्याचा सारांश तिने दोन वाक्यांत काढला होता. रोधक बेट म्हणजे कायमची जमीन नव्हे. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने ओढलेली वाळू यांचा तो रोजचा हिशेब आहे. तेथे चार दिवस सुखाने राहणाऱ्या पाहुण्याने त्या हिशेबात भर घालता आली नाही तरी खोट घालू नये. प्लास्टिकचा कचरा परत न्यावा, किनाऱ्यावरची वाळू आणि वेली उखडू नयेत, गोडे पाणी सांडू नये.

पाचव्या दिवशी परत निघालो. टॅक्सी बोलावण्यासाठी मी फोन हातात घेतला, तेव्हा आईने विचारले, “ती बोट किती वेळ घेते?”

“वीस मिनिटे,” मुलगी तत्काळ म्हणाली.

आई जलमेट्रोत खिडकीशी बसली. डाव्या-उजव्या हाताला मोठमोठी जहाजे होती, मागे वैपीनच्या काठावर चिनी जाळी दगडांच्या भाराने वर-खाली होत होती. तिने खिडकीची कड घट्ट धरली होती, हे मी पाहिले. पण तिने डोळे मिटले नाहीत.

दिल्लीला आल्यावर मुलीने भरतीच्या वेळांची वही शाळेत नेली. सहकाऱ्यांसाठी त्यांच्या बहिणीने दिलेली वेफर्सची पिशवी मी कचेरीत पोचवली. आणि मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघण्यापूर्वीच, आईने स्वयंपाकघरातून विचारले, “अरे, मे महिन्यात सांगलीला जाऊ या का? तेव्हा नदीला पाणी कमी असते. मुलांना पोहायला शिकवायला हवे. वाळका भोपळा मात्र आतापासून शोधून ठेव.”